थोरपणाचा कच्चा मसुदा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने आजवर अकरा माणसांना अधिकृतरीत्या थोर केले आहे. पैकी सात जण मुळातच थोर होते. तिघांसाठी विशेषणं बाहेरून आणावी लागली. अकराव्याविषयी मी काही लिहू नये असं माझ्या बायकोचं मत आहे, कारण त्याच्या घरी आम्हाला अजून जेवायला बोलावतात.

या घोषणेच्या वेळी वाचकांनी उभं राहण्याची गरज नाही. मीच उभा आहे. संपादकांनी “निवांत बसून लिहा” असं कळवलं होतं, पण हा लेख सुरू केल्यापासून मी दोनदा मागच्या अंगणात फिरून आलो, एकदा कुंड्यांना पाणी घातलं, आणि त्यांना सकाळीच पाणी घातलं होतं हे नंतर आठवलं. ज्या गोष्टीमुळे असं होतं ती यथावकाश येईल. आधी धंदा समजावून सांगतो.

मी माणसांची नामांकनं लिहितो. टूवूंबाच्या बाजूला, पठारावर, एक मोठी संस्था आहे. हॉस्पिटल, त्याला जोडलेलं कॉलेज, असा सगळा पसारा. नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच नोकरी आहे. माझ्या दारावरची पाटी इतकी लांब आहे की ती वाचेपर्यंत माणूस पुढच्या दारापाशी पोचतो. तिचा अर्थ एवढाच, की आमच्या मोठ्या डॉक्टरांना आणि प्राध्यापकांना मानसन्मान मिळावेत म्हणून जे कागद करावे लागतात ते हा माणूस करतो.

ऑस्ट्रेलियात वर्षातून दोनदा सन्मानांची यादी जाहीर होते. लोकांना वाटतं, वर कुठेतरी एक जाणती मंडळी बसली आहेत आणि ती दुर्बिणीतून देशभर चांगली माणसं शोधत असतात. तसं काही नाही. कुणीतरी फॉर्म भरावा लागतो. तुमच्यासाठी कुणी फॉर्म भरला नाही, तर तुम्ही कितीही विहिरी खणा, शाळा काढा, म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घाला, तुमचं नाव यादीत येणार नाही. फॉर्म भरल्यावर दोनेक वर्षं तो फिरतो. जाणकार लोक तो तपासतात. ज्यांनी त्या माणसाचं काम पाहिलंय अशांची पत्रं लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला कळू द्यायचं नाही. न मिळाल्यास वाईट वाटू नये, हा हेतू. उद्देश थोर आहे. आपल्या लोकांना मात्र ही अट का झेपत नाही, ते पुढे दिसेलच.

लिहिण्याची कला एकाच प्रश्नात आहे. “हा माणूस नसता तर काय झालं नसतं?” याचं उत्तर दोन पानांत, शक्यतो क्रियापदांत द्यायचं. “ते अत्यंत निष्ठावान आहेत” हे वाक्य कचरा. “त्यांनी बंद पडलेलं केंद्र सुरू केलं” हे वाक्य सोनं. मी कोणत्याही माणसाला चहाच्या एका कपात असं पिळून काढू शकतो. लग्नसमारंभात माझ्याशेजारी बसू नका, मी तुमचंही करीन.

विचित्र गिऱ्हाइकंही आली. एक सेवानिवृत्त गृहस्थ स्वतःचं नामांकन घेऊन आले, फक्त खाली सही बायकोची होती. त्यात लिहिलं होतं, “माझे पती अतिशय विनम्र आहेत.” मी नियमाप्रमाणे बाईंना फोन केला आणि ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग त्या म्हणाल्या, “माझी सही कुठे आहे म्हणालात?”

ही सगळी पद्धत मूळची विलायतेची. ऑस्ट्रेलियाने पुढे स्वतःचे सन्मान काढले, पण पायऱ्या, रिबिनी आणि नावामागची अक्षरं यांची हौस तिकडूनच आली. माझ्या शेजारच्या टेबलावर मॉरीन बसते. ती यॉर्कशरची. तिच्या आईने तिकडे चर्चच्या हॉलमध्ये एकट्या म्हाताऱ्यांना दर मंगळवारी जेवू घातलं, पंचवीस-तीस वर्षं. तिला पदक मिळालं, सगळ्यात खालच्या पायरीचं. त्याच्या नावात अजून “साम्राज्य” हा शब्द आहे. साम्राज्य गेलं, पदक राहिलं. वरच्या पायऱ्यांची माणसं राजवाड्यात जातात, तिच्या आईला जिल्ह्याच्या राजप्रतिनिधीने टाउन हॉलमध्ये पदक दिलं. त्याच यादीत गावातलाच एक बडा अधिकारी होता, तिच्यापेक्षा दोन पायऱ्या वर.

“आईने विचारलं, त्याने काय केलं?” मॉरीन सांगते. “मी म्हटलं, आई, तो रोज ऑफिसात जायचा.”

आईने ते पदक बटणांच्या डब्यात ठेवलं होतं. एखादं बटण तुटलं की ते दिसायचं.

मॉरीनशी माझी यावर गेली दहा वर्षं मारामारी चालू आहे. मी म्हणतो, डॉक्टरने पगार घेतला म्हणून त्याने वाचवलेला माणूस काही अर्धाच वाचत नाही. ती म्हणते, “बरोबर. पण डॉक्टरला तू आहेस, हेम. माझ्या आईला कोण होतं?” यावर मी किटली लावायला उठतो. माझं नाव हेमंत. आमच्या ऑफिसात चहा फार होतो.

आता मुद्द्याकडे येतो, किंवा येण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या किडनी विभागाचे प्रमुख प्रोफेसर ग्रॅहम. उंच, भला, विसरभोळा माणूस. सगळ्यांना “मेट” म्हणतो, कारण नावं लक्षात राहत नाहीत. पण त्याचं काम खरं होतं. पूर्वी आमच्या भागातल्या किडनीच्या पेशंटना डायलिसिससाठी, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करून घ्यायला, घाट उतरून ब्रिस्बेनला जावं लागायचं. आठवड्यातून तीनदा. ग्रॅहमने भांडून, अर्ज करकरून मशिनं इकडे आणली. वरून आदेश आला, ग्रॅहमची फाइल कर.

मी नेहमीप्रमाणे पेशंटना भेटलो. पहिला भेटला लेन. ऐंशीच्या पुढचा, जन्मभर गाई पाळलेला, आता डोळ्यांनी अधू, गाडीचं लायसन्स परत केलेलं. त्याचं फार्म आमच्यापासून पाऊण तासावर. मी माझा सोन्याचा प्रश्न टाकला.

“लेन, कोण नसतं तर तुझं अडलं असतं?”

“शोबा,” लेन म्हणाला.

“नाही, म्हणजे डॉक्टरांपैकी.”

“डॉक्टर बरा आहे. पण मशीन इथे आणि मी तिथे. मला शोबा आणते.”

दुसऱ्या पेशंटने, बेरिल नावाच्या आजीबाईंनी, तेच सांगितलं. तिसऱ्यानेही. शोबा म्हणजे आमच्या शोभाताई वानखेडे. मूळ वर्ध्याकडच्या. नवरा विनोद धान्याचे ट्रक चालवतो, आणि शोभाताई त्याच किडनी विभागात सफाईचं काम करतात. मी त्यांना मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत पाहिलेलं होतं. तिथे कुणी विचारलं की लोक सांगायचे, “त्या हॉस्पिटलमध्ये आहेत,” आणि चटकन विषय बदलायचे.

तर मी ग्रॅहमच्या फाइलमध्ये काय लिहावं? मी लिहिलं, “प्रोफेसरांच्या प्रयत्नांमुळे दूरच्या वस्त्यांवरील रुग्ण नियमितपणे उपचारांसाठी येऊ लागले.” हे वाक्य पाहा. यात खोटं काही नाही. मशीन आलं नसतं तर ते कशाला आले असते? पण ते कसे आले, कुणाच्या गाडीत आले, ते “प्रयत्नांमुळे” या शब्दाखाली व्यवस्थित झाकलं गेलं. मला त्या वाक्याचा तेव्हा फार अभिमान वाटला होता. मी ते मॉरीनला मोठ्याने वाचून दाखवलं.

ग्रॅहमला सन्मान मिळाला. वरून दुसरी पायरी. कोटावर लावायची छोटी पिवळी टिकली आली, ऑफिसात लॅमिंग्टन केक आले. मी दोन खाल्ले. त्यानंतर मला बसवेना. कुठेही. मीटिंगमध्ये मी खिडकीपाशी जाऊन उभा राहायला लागलो. शेवटी मॉरीनच म्हणाली, “लिही की तिचं. तुला कुणी अडवलंय?”

एका शनिवारी मी शोभाताईंकडे गेलो. छोटं भाड्याचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली एका डबीत गाडीच्या किल्ल्या. त्यांनी तर्री-पोहे केले होते. खरं कारण सांगायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहितोय.

“माह्यावर?” शोभाताई म्हणाल्या. “मंग पोह्यांचं लिहा दादा.”

पण बोलायला लागल्यावर थांबल्या नाहीत. साडेपाचला निघायचं. आधी लेन, मग बेरिल, मग रस्त्याच्या कडेला उभे असणारे तिसरे आजोबा. सातच्या आत सगळ्यांना मागच्या गेटपाशी उतरवायचं, आणि स्वतः पुढून जाऊन शिफ्टला लागायचं. साडेबाराला शिफ्ट संपते, तोवर यांची मशिनंही संपतात. मग परत पोचवायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. नऊ वर्षं.

“मशीनवरून उठले की लोकं गारठतात,” त्या म्हणाल्या. “म्हणून चादर ठेवते. बेरिलला मळमळते, तिच्यासाठी पिशवी. लेनला काही होत नाही, तो फक्त माह्या ड्रायव्हिंगवर बोलते.”

“आणि बस?”

“आहे ना बस. गुरुवारी.”

विनोद आतल्या खोलीतून हसला. “तिले सुपरवायझर करत होते दादा. दुपारची शिफ्ट. नाही म्हणली.”

“मंग लेनले कोण आणीन, तू?” शोभाताईंनी विचारलं, आणि मग एकदम माझ्या वहीकडे पाहिलं. “तुम्ही हे सारं लिहून राहिले का? नका लिहू बाप्पा. स्टाफनं पेशंटले आपल्या गाडीत बसवायचं नाही, असा नियम आहे. इन्शुरन्सचं काहीतरी आहे त्यात. सुपरवायझरले ठाऊक आहे, पण तिले ठाऊक नाही, समजलं ना? छापून आलं तर बंद करतीन. माह्यं काही नाही जी. पण लेन घरीच बसंल.”

लेन घरी बसला तर काय होईल, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मशीनशिवाय माणूस फार दिवस काढत नाही.

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा समजावलं. कधी अंगणात, कधी ऑफिसच्या जिन्यात. मी म्हणायचो, फाइल तर गुप्त असते. ती आमच्या हॉस्पिटलकडे जाणार नाही. यादीत एक ओळ छापतात, “समाजसेवेसाठी”, त्यात गाडी कुठे येते? आणि सन्मान एकदा मिळाला की तिला कोण अडवणार आहे? सगळं मुद्देसूद होतं. फक्त प्रत्येक मुद्द्याला उभं राहावं लागत होतं.

मी लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं नामांकन लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. अडचण एकच वाटत होती. ग्रॅहमच्या फाइलमध्ये कुणी विचारलं नव्हतं, की हे काम तर तुमच्या पगारातच येतं ना? उलट पगाराचं काम उत्तम केलं म्हणूनच त्याला टिकली लागली. आणि ही बाई पगाराबाहेरचं काम करते, तर पहिला प्रश्न येणार, परवानगी होती का?

म्हणून मला वजनदार पत्र हवं होतं. मी ग्रॅहमला ईमेल केलं, की शोभा वानखेडे या तुमच्या विभागातल्या बाईंचं नाव मी पुढे पाठवतोय, तुम्ही पत्र द्याल का? दोन मिनिटांत उत्तर आलं. “नो वरीज, मेट. मसुदा पाठव, सही करतो.”

तेव्हा मी ग्रॅहमच्या नावाने ते लिहिलं, जे ग्रॅहमच्या फाइलमध्ये झाकलं होतं. “माझ्या मशिनांपर्यंत हे रुग्ण पोचले ते शोभा यांच्यामुळे. त्या नसत्या तर हे लोक माझ्या दारापर्यंत आलेच नसते.” पहिल्यांदाच मी पूर्ण खरं लिहिलं, तेही दुसऱ्याच्या सहीने. धाकधूक होती. आपल्याच सन्मानातला मोठा वाटा सफाईवाल्या बाईला द्यायला तो तयार होईल का? पत्र दहा मिनिटांत सही होऊन परत आलं. एक शब्द बदललेला नाही. मला भरून आलं. मी मॉरीनला म्हटलं, “बघ, माणूस मोठा आहे.” मॉरीन म्हणाली, “दहा मिनिटांत?”

दुसरं पत्र हवं होतं आपल्या समाजातलं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष पराग. ब्रिस्बेनच्या स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतो. मंडळाचे कार्यक्रम तिथेच होतात, कारण तिथे हाक मारली तरी चाळीस मराठी दारं उघडतात. पराग इथे शिकायला आला, आयटीत लागला, आणि आता पुण्यातल्यापेक्षा जास्त पुणेरी झालाय. त्याचं पत्र आलं. “सौ. शोभाताई या शांत, मनमिळाऊ व निर्व्यसनी असून सुसंस्कृत घराण्यातील आहेत. त्या आरोग्यक्षेत्रात कार्यरत आहेत. स्वयंपाकात निपुण.”

मी फोन केला. “पराग, आपल्याला त्यांचं लग्न जमवायचं नाहीये.”

“मग काय लिहू? अरे, चांगलंच लिहिलंय.”

“निर्व्यसनी कशाला?”

“आहेत ना त्या निर्व्यसनी?”

“काय केलं ते लिही. काय आहेत ते नको.”

“मग एक नमुना पाठव ना. मी त्यावरून टाकतो.”

आणि इथे, वाचकहो, अकरा थोर माणसांच्या या कारागिराने नमुना म्हणून ग्रॅहमचं सही केलेलं पत्र पाठवलं. “गुप्त आहे हं,” मी म्हटलं. “अरे ऑफकोर्स,” पराग म्हणाला. त्या “ऑफकोर्स”मध्ये जो उत्साह होता तो मला तेव्हाच ऐकू यायला हवा होता.

फाइल गेली. काही महिने गेले. मंडळाचं स्नेहसंमेलन आलं, रविवारी दुपारी. प्रमुख पाहुणे प्रोफेसर ग्रॅहम. परागने परस्पर ठरवलं होतं. विषय, “मधुमेह आणि आपली किडनी”. मी ग्रॅहमला माझ्या गाडीतून घाट उतरून घेऊन गेलो. वाटेत त्याने दोनदा विचारलं, “मेट, मी बूट काढायचे का?”

हॉलमध्ये शिरलो आणि मला टेबलावर दोन नारळ दिसले. दोन शाली, दोन नारळ. पाहुणा एक.

मी परागला स्टेजच्या मागे गाठलं. “दुसरा नारळ कुणाचा?”

“शोभाताईंचा.”

“कशाबद्दल?”

“नामांकनाबद्दल. देशाचा सन्मान आहे, मंडळाने दखल नको घ्यायला?”

“पराग, ते अजून मिळालेलं नाही. त्यांना माहीतही नाही. ते गुप्त असतं.”

“अरे, हॉलमध्ये सगळी आपलीच माणसं आहेत.”

“निकाल लागल्यावर कर ना सत्कार.”

“निकाल लागणार पुढच्या वर्षी.” परागने माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. “माझी टर्म जूनला संपते. तेव्हा शाल कोण घालणार? तो माझ्या मागून येणारा?”

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा. “निदान पत्र वाचू नकोस,” मी म्हटलं. “त्यात गाडीचं आहे. त्यांचं ते काम बंद होईल.” पण तोवर निवेदिकेने त्याचं नाव पुकारलं होतं, आणि पराग माइकच्या दिशेने निघाला की त्याला थांबवता येत नाही.

शोभाताई स्वयंपाकघरात भज्यांचे कांदे चिरत होत्या. त्यांना बोलावून आणलं. ओल्या हातांनी, ॲप्रनवर त्या स्टेजवर उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्यांना वाटलं, भज्यांसाठीच असेल. हसत होत्या. मग परागने खिशातून कागद काढला आणि प्रमुख पाहुण्यांच्या सोयीसाठी इंग्रजीत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लेनचं फार्म, बेरिलची पिशवी, मागचं गेट, साडेपाचची वेळ. सगळं माझंच गद्य. हॉलमध्ये मी इतकं चांगलं गद्य कधी ऐकलं नव्हतं, आणि मला जमिनीत जायचं होतं.

तिसऱ्या वाक्याला शोभाताईंचं हसू थांबलं. त्यांनी परागकडे पाहिलं नाही. शेवटच्या रांगेत मी उभा होतो, तिथे पाहिलं.

पुढे त्या क्षणी काय झालं ते सांगतोच. आधी नंतरचं सांगून टाकतो, म्हणजे मला जरा टेकता येईल.

कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये त्या मला एवढंच म्हणाल्या, “दादा, तुम्ही मान हलवली होती.” रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

सोमवारी हॉलमधली बातमी हॉस्पिटलात पोचली, आणि मंगळवारी त्यांना मॅनेजरबाईंनी बोलावलं. ग्रॅहम स्वतः त्यांच्याबरोबर गेला आणि त्या बाहेर येईपर्यंत खुर्चीवर बसून राहिला, हे त्याच्या खात्यात मांडतो. नोकरी गेली नाही. पण नियम तो नियम. स्वतःच्या गाडीतून पेशंट न्यायचे नाहीत. हॉस्पिटलच्या रीतसर स्वयंसेवक व्हा, मग हॉस्पिटलची गाडी मिळेल. पोलीस तपासणी, फॉर्म, आणि बसलेल्या माणसाला सीटबेल्ट कसा लावावा याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. शिवाय जिथे पगार मिळतो त्याच विभागात स्वयंसेवक होता येत नाही, म्हणून त्यांचं सफाईचं काम किडनी विभागातून लहान मुलांच्या वॉर्डात हलवलं.

या सगळ्याला साडेतीन आठवडे लागले. तेवढे दिवस लेनला, बेरिलला आणि त्या आजोबांना मी आणलं. शोभाताईंनी फोनवर रस्ता सांगितला, चादर आणि पिशवी विनोदच्या हाती पाठवली. मला कुणी विचारलं नाही की नियमात बसतं का. माझ्या दारावरची पाटी लांब आहे. उजाडताना त्या रस्त्यावर कांगारू येतात, आणि मी हळू चालवतो.

“शोबा इथे ऐंशीने जाते,” लेन म्हणाला.

“मी साठने जातो.”

“दिसतंय.” मग थोड्या वेळाने, “तूच लिहिलंस ना तिचं?”

“हो.”

“चांगलं लिहिलंस म्हणे. सगळ्यांना कळलं.”

आता शोभाताई हॉस्पिटलच्या गाडीतून, पिवळं जाकीट घालून, तिघांना पुढच्या गेटने आणतात. गाडी नवी आहे. ती त्यांना आवडत नाही, कारण तिच्यात चादर ठेवायची नाही असा नियम आहे. चादर त्या ठेवतात. सुपरवायझरला ठाऊक आहे, पण ठाऊक नाही. माझ्याशी बोलतात, पोहे देतात, पण माझ्यासमोर आता काही मोकळेपणाने सांगत नाहीत. वही नसली तरी माझ्या हातांकडे पाहून घेतात.

पदकाचं अजून काही कळलेलं नाही. यादी जाहीर व्हायच्या सकाळी मी उठून अंगणात जातो, फोन हातात असतो, आणि व या अक्षरापर्यंत यायला धीर होत नाही. मिळालंच तर शेवटच्या पायरीचं मिळेल, मॉरीनच्या आईसारखं. न मिळालं तर त्या फाइलवर कुणीतरी परवानगीचा प्रश्न विचारला असेल. दोन्हींतलं काय झालेलं मला आवडेल हे मला सांगता येत नाही. मॉरीनने विचारलं, “मग फॉर्म भरायलाच नको होता?” मी किटली लावली.

नमुन्याची पत्रं मी आता कुणालाही पाठवत नाही. सहीसाठी पत्र पाठवलं तर आधी फोनवर वाचून दाखवतो. लोक कंटाळतात. कंटाळू देत. कारण त्या रविवारी मला कळलं, की माझ्या सगळ्या कारकिर्दीतलं सगळ्यात उदार पत्रावर ज्याने सही केली, त्याने ते वाचलेलंच नव्हतं.

स्टेजवरचं सांगायचं राहिलंय. परागने शेवटचं वाक्य वाचलं, “त्या नसत्या तर हे लोक माझ्या दारापर्यंत आलेच नसते,” आणि सही करणाऱ्याचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. ग्रॅहम पहिल्या रांगेतून उठला, स्टेजवर आला, परागच्या हातून कागद घेतला. कोटावर ती पिवळी टिकली होती. त्याने आधी आपली सही पाहिली. मग पत्र वाचलं, सगळं, वरपासून खालपर्यंत. मग त्याने शोभाताईंकडे पाहिलं. रोज सकाळी ज्यांना “मॉर्निंग, मेट” म्हणायचा, त्या ओल्या हातात नारळ धरून समोर उभ्या होत्या. माइक चालू आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं.

“मला वाटायचं,” प्रोफेसर म्हणाले, “ते सगळे बसने येतात.”